माझं शेपूट चमकत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेर उणे अठ्ठावीस. गाडीने बराच वेळ खोकून मग सुरू व्हायची कृपा केली. आजपासून रोजनिशी. पुढेमागे लोकांना माझ्या कामाचा इतिहास लागेल तेव्हा शोधाशोध नको. अर्थात ही कुणी वाचायची नाही.

एप्रिलमध्ये शिकागोला भाषण आहे. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणतात, वेंडेल, तुझं बोलणं तुझ्या आईलासुद्धा कळत नसणार. म्हणून सराव करतो. शुक्राणूच्या शेपटीत एक प्रोटीन असतं, त्याच्या जिवावर तो पोहतो. आमच्याकडे सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी आहे. ती त्या प्रोटीनला शोधून काढते, त्याला चिकटते, आणि मायक्रोस्कोपखाली शेपूट हिरवं चमकतं. चमकलं तर प्रोटीन आहे. नाही चमकलं तर नाही. मग पोहणं नाही, आणि मूलही नाही. झालं. आईलाही कळेल.

उमेदीची सगळी वर्षं मी या एका कुपीत घातली आहेत. बैलावर ती अशी चालते की बघत राहावं. माणसावर गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः करून पाहिली. वंध्यत्वाच्या क्लिनिकने पाठवलेल्या धडधाकट पुरुषांची शेपटं फिकट, पण निश्चित हिरवी होती. मॅडमना मी हेच शब्द कळवले. थोडे डोळे बारीक करावे लागतात, इतकंच. मार्चमध्ये क्लिनिकचे लोक येणार. त्यांना पटलं की मूल न होणाऱ्या पुरुषांची तपासणी आमच्या अँटिबॉडीने सुरू होणार. सगळ्या डुलुथ गावात माझं नाव होईल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वादळ. रस्ते बंद, क्लिनिकची गाडी नाही. मॅडमचा फोन: एका धडधाकट पुरुषाची ताजी स्लाइड करून ठेव. म्हटलं, झालीच म्हणून समजा.

मग विचार केला. धडधाकट पुरुष. सिगारेट नाही, बिअर बेताची, चर्चमध्ये खुर्च्या उचलायला सगळ्यांत पुढे. असा माणूस आज या इमारतीत एकच. संशोधनाच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या कमिटीला न विचारता स्वतःचा नमुना वापरायला सक्त मनाई आहे, पण ती मनाई निष्काळजी लोकांसाठी. वरच्या मजल्यावरचं बाथरूम. बाकी तपशील नको. नमुना टिकवायला फॉर्मलिनमध्ये घातला, स्लाइड केली, तिच्यावर लिहिलं: नॉर्मल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चमकत नाही.

तोच दिवस, जेवणानंतर

उगाच घाबरलो. मायक्रोस्कोपचा दिवा जुना झालाय. खात्रीसाठी सार्जंटची स्लाइड लावली. सार्जंट म्हणजे आमचा नेहमीचा बैल, शेजारच्या तालुक्यातल्या डेअरीतला. त्याची शेपटं चार जुलैच्या आतषबाजीसारखी चमकली. म्हणजे दिवा फक्त माझ्यापुरताच जुना झालाय.

डोळे बारीक केले. आणखी बारीक केले. शेजारच्या टेबलावर हिमेना बारिएंतोस बसते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराची, माझ्यासारखीच पोस्टडॉक, आत दोन स्वेटर आणि जिभेला धार. तिने विचारलं, रडतोयस का शिंकतोयस, काय ते एक ठरव.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार म्हणजे सासऱ्यांकडे सौना. आर्व्हो नीमेला, फिनलंडचं रक्त, तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी बांधलेली लाकडी खोली, आत दगड तापवून घामाघूम बसायचं आणि मग बर्फात लोळायचं. जावयाने सौनाला नाही म्हणणं म्हणजे त्या घरात ताटावरून उठून जाणं.

पण उष्णता शेपटांना वाईट, हे मी स्वतः भाषणात सांगतो. म्हटलं, बाबा, आज पाठ धरलीय. म्हणाले, पाठीसाठीच तर सौना. म्हटलं, तापही आहे. म्हणाले, तापासाठी तर सौनाच. मी बाहेरच्या बाकावर कोट घालून बसून राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. माझी बोटं बधिर झाली. पण शास्त्रासाठी माणसाने सोसलं पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुसरा नमुना. नवीन फॉर्मलिन, नवीन काचा, अँटिबॉडी दुप्पट.

चमकत नाही.

आता नीट, शांतपणे विचार करतो. दोनच शक्यता. अँटिबॉडी चांगली असेल, तर मी कधीच बाप होणार नाही. अँटिबॉडी वाईट असेल, तर माझी सगळी वर्षं पाण्यात. तिसरी शक्यता शोधायची. तिसरी असतेच.

मॅडमना सांगितलं की ताजी स्लाइड फुटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना बायकोने, लॉर्नाने, मुलाचा विषय काढला. गेल्या शरदात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आधी नवऱ्याची तपासणी. सोपी असते, एक कप आणि पाच मिनिटं. त्यात काही निघालं नाही तर मग लॉर्नाची. तिची सोपी नाही, आत औषध सोडून फोटो काढतात आणि दुखतं. मी तेव्हाच म्हटलं होतं की मी या विषयातला तज्ज्ञ. क्लिनिकमधल्या कुणा शिकाऊ माणसाच्या हातात माझा कप का द्यायचा, वेळ झाला की मीच बघीन.

आज ती म्हणाली, अरे, तुझा वेळ कधी होणार? रोज तेच बघतोस, मग एकदा स्वतःचं बघून टाक ना. म्हटलं, पद्धतशीर करायला हवं. ती ताटं गोळा करायला लागली. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात घासून तिचे हात दुखतात, म्हणून भांडी मी घासली. चांगल्या नवऱ्याचं शेपूट चमकत नसेल असं मला वाटत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवी शिस्त. अक्रोड. भोपळ्याच्या बिया. ढगळ चड्ड्या. लॅपटॉप मांडीवर नाही. आणि गाडीची सीट गरम करायचं बटण आजपासून बंद. फेब्रुवारीत डुलुथमध्ये हे काय असतं ते ज्याचं त्याला कळतं. लॅबला पोचेपर्यंत खालचा अर्धा मी आहे की नाही याची शंका येत होती. हिमेना म्हणाली, असा का चालतोयस, घोड्यावरून पडलास का?

काही आठवड्यांत फरक दिसेल. निर्धास्त आहे. काल झोप लागली नाही, ती अक्रोडांमुळे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घात झाला. लॅबची मीटिंग. मी दुसऱ्या काचा आणायला गेलो तेवढ्यात हिमेनाला ड्रॉवरमध्ये ‘नॉर्मल’ स्लाइड सापडली. फुटली म्हणून सांगितलेली. तिने भल्या बुद्धीने पडद्यावर लावली. अंधार. फक्त डोकी निळी, ती वेगळ्या रंगाने. शेपटांच्या जागी काहीच नाही.

आणि मॅडम, म्हणजे बेव्हर्ली क्रान्झ, आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या बाई, खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सापडला! अरे, हाच तर हवा होता! उन्हाळ्यातल्या सगळ्यांचं शेपूट हिरवं आणि ह्याचं नाही. प्रोटीन नसलेला पहिला माणूस आपल्या अँटिबॉडीने पकडला! वेंडेल, तू ह्याला नॉर्मल कसं म्हणालास? दाता कोण आहे?

म्हटलं, आठवत नाही. हिमेनाने माझ्याकडे पाहिलं. मी अक्रोड खाल्ला.

सगळे माझं अभिनंदन करत होते. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, बिचारा. त्याला ठाऊकही नसेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी शक्यता सापडली. मी अपवाद आहे. प्रोटीन नसूनही पोहणारा. शास्त्रात असे अपवाद असतात. त्यावर वेगळा लेखसुद्धा होईल.

तोच दिवस, संध्याकाळ

अपवाद वगैरे काही नाही. मला भीती वाटतेय. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानावरून गाडी नेता येत नाही, म्हणून लांबच्या रस्त्याने घरी आलो. लॉर्नाला सांगितलं की पुलाचं काम चालू आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, दात्याला शोध आणि सांग, हे आपलं कर्तव्य आहे. त्या माणसाची बायको महिन्यामागून महिने वाट बघत असेल आणि स्वतःलाच दोष देत असेल. त्याने ताजा नमुना दिला तर आपण जिवंत शुक्राणू पोहतात का तेही बघू.

म्हटलं, तो फार्गोला राहायला गेला. म्हणाल्या, फार्गोला फोन लागत नाहीत का? म्हटलं, मनाने खचलेला माणूस आहे, लगेच नको. मॅडमना भरून आलं. म्हणाल्या, तू किती समजूतदार आहेस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. वरच्या मजल्यावरचं बाथरूम टाळलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा सौना, पुन्हा नकार. आज सासरेबुवा टॉवेल गुंडाळून बर्फात बाहेर आले, अंगातून वाफा निघत होत्या. म्हणाले, जावईबापू, आमच्यात चूक होत असेल तर तोंडावर सांग. म्हटलं, बाबा, उष्णता पुरुषांना चांगली नाही, संशोधन आहे. म्हणाले, असं का? माझ्या बापाला नऊ पोरं, मला चार, सगळी ह्याच सौनाच्या जिवावर. तुमच्या संशोधनाला किती झाली?

आपण काय बोललो ते त्यांना कळलं. टॉवेलसकट माझ्या शेजारी बाकावर बसले. म्हणाले, पोरा, मी तसं म्हणालो नाही. शेवटी मीच म्हटलं, बाबा, आत जा, न्युमोनिया होईल. रडू आवरत होतो, कारण वारा डोळ्यांत जात होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संकल्प: उद्या क्लिनिकला फोन करणार, कप देणार, विषय संपवणार. पुरुषासारखं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन केला. उचलला. मी विचारलं, तुमच्याकडे पार्किंग आहे का? आहे म्हणाले. ठेवून दिला. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

३ मार्च, सोमवार

पोस्टर छापून आलं. क्लिनिकचे लोक पुढच्या आठवड्यात येणार, त्यांच्यासाठी. लॅबच्या दारासमोरच्या भिंतीवर दरवाजाएवढं लावलंय. डावीकडे सार्जंट, हिरवागार. उजवीकडे मी. खाली मोठ्या अक्षरांत: रुग्ण पहिला.

आत-बाहेर करताना दर वेळी समोर येतं. आज साफसफाईवाल्या बाईंनी थांबून पाहिलं आणि म्हणाल्या, अगोबाई, ह्याचं काहीच नाही का? म्हटलं, नाही. म्हणाल्या, काय तरी नशीब एकेकाचं. बैलाबद्दल मला आता बोलायचंच नाही.

५ मार्च, बुधवार

लॉर्ना विचारत होती की तू रात्री उठून कुठे जातोस. म्हटलं, पाणी प्यायला. ती म्हणाली, मीही जागीच असते. मी पाणी पिऊन झोपलो. भीतीचा तिच्याशी काही संबंध नाही, तिला उगाच कशाला त्रास.

६ मार्च, गुरुवार

हिमेनाने पकडलं. दुपारी लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. तिने दार लावलं, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि सरळ विचारलं, फार्गोवाला तूच ना? म्हटलं, काहीतरीच काय. म्हणाली, अक्रोड, भोपळ्याच्या बिया, ढगळ पँट, आणि पोस्टरसमोरून जाताना डोळे मिटतोस. मी काय डोळ्यांवर कातडं ओढून बसलेय?

कबूल केलं. कमिटीला सांगू नकोस म्हटलं. लॉर्नालाही नको. मला मूल होणार नाही गं, असं तोंडातून निघून गेलं. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. फार वाईट ऐकू आलं.

ती नरमली. खुर्ची ओढून बसली. मग विचारलं, जिवंत बघितलेस का? म्हटलं, काय? म्हणाली, तुझे. जिवंत. पोहतायत का. एक थेंब काचेवर आणि डोळा मायक्रोस्कोपला, दोन मिनिटं. म्हटलं, त्याची गरज नाही, प्रोटीन नसेल तर पोहणं शक्यच नाही, मीच सिद्ध केलंय. म्हणाली, बैलात! अरे शहाण्या, तू आधी त्यांना फॉर्मलिनमध्ये मारतोस आणि मग मढ्यांना विचारतोस, पोहता येतं का रे तुम्हाला! तुझ्यासारखी शिकलेली माणसंच असलं करू जाणे.

मी म्हटलं, बघायची हिंमत होत नाही. ती म्हणाली, ते दिसतंच आहे. मग आधी दुसरं काहीतरी करू.

उन्हाळ्यातले दात्यांचे नमुने फ्रीझरमध्ये होतेच. तिने त्यांच्या आणि माझ्या नव्या स्लाइड बनवायला घेतल्या. रात्रभर अँटिबॉडी लागायला हवी. उद्या सकाळी लवकर ये म्हणाली. आणि येताना लाज घरी ठेवून ये.

७ मार्च, शुक्रवार, सकाळ

तिने सगळ्या स्लाइडच्या नावांवर पट्ट्या चिकटवल्या होत्या. म्हणाली, तुझी ओळख. फिकट पण निश्चित हिरव्यांमधून काळी ओळखायला तज्ज्ञाला किती वेळ लागतो?

पहिली बघितली. अंधार. म्हटलं, ही माझी. दुसरी बघितली. अंधार. म्हटलं, नाही, ही माझी. तिसरीही तशीच. डोळे बारीक केले. आणि लक्षात आलं की डोळे बारीक केले की त्यातली कुठलीही हिरवी करता येते. मला हवी ती. उन्हाळ्यात मला सगळ्या हिरव्या हव्या होत्या.

शेवटी घाम पुसून एकीवर बोट ठेवलं. हीच, सगळ्यांत मेलेली. हिमेनाने पट्टी सोलली. तो दाता तीन मुलांचा बाप निघाला.

आमची अँटिबॉडी माणसाला ओळखतच नाही. बैलाला ओळखते. इतकी वर्षं.

तोच दिवस, अकरा वाजता

बघितलं! वरच्या मजल्यावर गेलो, थेंब काचेवर घेतला, देवाचं नाव घेतलं आणि डोळा लावला. पोहतायत! झुंडीच्या झुंडी! काही गोल फिरतायत, काही एकमेकांना ढुशा देतायत, पण बहुतेक सगळे सरळ, नाकासमोर, घाईघाईत, जणू शाळा सुटलीय. मी ओरडलो. हिमेना धावत आली, तिने बघितलं, आणि तिच्या मोडक्या इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्येच काहीतरी म्हणाली. दोघं मिळून उड्या मारल्या. तिने माझ्या टाळक्यात एक मारलीसुद्धा.

तोच दिवस, दुपार

त्याच आनंदाच्या भरात मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. रुग्ण पहिला मी आहे, रुग्ण वगैरे काही नाही, अँटिबॉडी माणसावर चालत नाही, उन्हाळ्यात मी मनाने हिरवं पाहिलं. हसत हसतच सांगितलं बहुधा.

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात ही आपण क्लिनिकला देणार होतो. कुणीतरी माणूस येऊन कप देणार, आपण त्याला सांगणार की तुझ्यात दोष आहे, आणि तो घरी जाऊन बायकोला ते सांगणार. म्हटलं, हो मॅडम. म्हणाल्या, सगळ्या माणसांना आपण हेच सांगितलं असतं, वेंडेल. एकूण एक. मग फोनकडे वळल्या, क्लिनिकला येऊ नका म्हणून सांगायला. सोमवारी कमिटीसमोर जायचंय. शिकागो बहुतेक रद्द. पोस्टर मी स्वतः काढलं.

भीती वाटायला हवी, पण वाटत नाही. मी पोहतोय. नोकऱ्या काय, मिळतात.

तोच दिवस, संध्याकाळ

केक घेतला, चॉकलेटचा, मोठा. गाडीची सीट गरम करून घरी आलो. लॉर्ना नुकती कामावरून आली होती, अजून बूट पायात होते. दारातूनच ओरडलो, माझ्यात काही नाही! सगळे ठणठणीत! तिला स्वयंपाकघरात धरून गोल फिरवली. पोस्टरपासून फार्गोपर्यंत सगळं भडाभडा सांगितलं. ती हसली, खरंच हसली. म्हणाली, इतके दिवस एकटाच घाबरत होतास? वेडा कुठला. केक कापला.

मग बशी हातात तशीच धरून राहिली. म्हणाली, म्हणजे आता माझ्यात.

म्हटलं, छे छे, तसंच काही नसतं. कारण न सापडणारीही कितीतरी जोडपी असतात, असं छापूनही आलंय. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी शरदातच सांगितलं होतं ना, आधी तो, मग तू. तू पुढे ढकलत होतास तोवर माझी तपासणीही पुढे जात होती. बरं वाटायचं मला. मग म्हणाली, माझ्या तपासणीला मंगळवारची तारीख देतील. येशील ना बरोबर? म्हटलं, म्हणजे काय.

बूट काढायला खाली वाकली आणि तशीच बसून राहिली. म्हणाली, खरं सांगू का, रागावू नको. मी रोज मनात म्हणायचे, तुझ्यातच काहीतरी निघू दे. तुला निदान त्यातलं कळतं.

मी तिचे बूट काढून दिले. मला त्यातलं काही कळत नाही, हे अजून तिला सांगितलेलं नाही.